५३ अंश, पण कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात अकरावीतल्या नातीने भौतिकशास्त्राची तपासून आलेली उत्तरपत्रिका मला दाखवायला आणली. पैकीच्या पैकी गुण होते, त्यामुळे स्वारी खुशीत होती. एकेक उत्तर वाचत गेलो आणि चौथ्या प्रश्नाशी थबकलो. दोन सदिश, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेले बाण, दिले होते. पहिल्याचे घटक क्ष-अक्षावर २ आणि य-अक्षावर ५, दुसऱ्याचे उणे ५ आणि उणे १. त्यांच्या बेरजेचे परिमाण, म्हणजे बाणाची लांबी, आणि दिशा काढायची होती. नातीने घटक वेगवेगळे मिळवून उणे ३ आणि ४ काढले होते. दोघांचे वर्ग मिळवून, वर्गमूळ घेऊन परिमाण ५ आणले होते. इथपर्यंत सगळे बिनचूक. त्याखाली एकच ओळ होती, ‘दिशा ५३ अंश’, आणि तिच्यासमोर लाल शाईत बरोबरची खूण.

मी विचारले, ‘५३ अंश कुठून?’

‘आबा, टॅन इन्व्हर्स चार छेद तीन. कॅल्क्युलेटरवर येतं ते.’

‘आलं कसं ते कळलं. मोजायचं कुठून?’

ती जरा थांबली. ‘क्ष-अक्षापासून असेल.’

कागद घेऊन मी तिला बाण काढायला सांगितला. उणे ३ म्हणजे डावीकडे तीन घरे, ४ म्हणजे वर चार घरे. बाण डावीकडे वर गेला, दुसऱ्या चरणात. मग तिच्याच उत्तराप्रमाणे क्ष-अक्षाच्या धन बाजूपासून ५३ अंश मोजून दुसरा बाण काढायला लावला. तो उजवीकडे वर गेला. दोन बाणांमध्ये ७४ अंशांची फट होती. खरे उत्तर क्ष-अक्षाच्या धन बाजूपासून जवळजवळ १२७ अंश. कॅल्क्युलेटरने तिला दाखवले होते उणे ५३. उणे कोन विचित्र वाटला म्हणून तिने चिन्ह गाळून टाकले होते. आणि ते ठेवले असते तरी उत्तर चुकलेच असते, कारण उणे ५३ अंशांचा बाण उजवीकडे खाली, म्हणजे खऱ्या बाणाच्या नेमका उलट जातो.

चूक मुलीची आहे, पण ती तिच्या एकटीची नाही. तपासणाऱ्याने ५ बघितले, ५३ बघितले आणि पान उलटले. दिशेची ओळ आहे की नाही एवढेच पाहिले गेले. म्हणून हे पत्र.

मी मर्चंट नेव्हीत तीस वर्षे नॅव्हिगेशन केले. आता जहाजांवर सगळे पडद्यावर दिसते, पण माझी बरीच नोकरी कागदी चार्टवर, मऊ पेन्सिल, पॅरलल रूलर आणि डिव्हायडर घेऊन झाली. आमच्यासाठी सदिशांची बेरीज हे रोजचे काम होते. जहाज पाण्यातून एका दिशेने एका वेगाने चालते, आणि ते पाणी स्वतः दुसऱ्या दिशेला वाहत असते. जमिनीच्या हिशेबाने जहाज प्रत्यक्षात कुठे चालले आहे, ते या दोन बाणांच्या बेरजेने कळते. चार्टवर जहाजाच्या पाण्यातल्या मार्गावर एक बाण काढतात, प्रवाहाच्या रेषेवर तीन आणि बेरजेच्या रेषेवर दोन. घाईत, रात्री, लाल दिव्याच्या मंद उजेडातसुद्धा कोणती रेषा कशाची याची गल्लत होऊ नये म्हणून ही पद्धत पडली आहे. नुसती रेषा आमच्याकडे कोणी काढत नाही. बाणाचे टोक नसेल तर ती रेष काही सांगतच नाही.

एक उदाहरण देतो. जहाजाचा कोर्स ०८०, वेग १४ नॉट, म्हणजे तासाला १४ सागरी मैल. आम्ही कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतो, म्हणजे ०८० हे पूर्वेच्या किंचित उत्तरेला. प्रवाह २०० अंशांकडे, २ नॉट. आता १४ आणि २ मिळून किती? ज्याने सदिश शिकलेले नाहीत तो १६ म्हणेल. थोडा विचार करणारा म्हणेल, प्रवाह मागे ओढतोय, म्हणजे १२. दोन्ही चूक. दोन बाणांमधला कोन १२० अंश आहे. १४ चा वर्ग १९६, २ चा वर्ग ४, आणि दोनदा १४ गुणिले २ गुणिले कोसाइन १२०, म्हणजे उणे २८. बेरीज १७२, वर्गमूळ १३.१. जहाज १३.१ नॉटने चालले आहे, आणि दिशा ०८७.६. कोर्सपासून साडेसात अंशांहून थोडी जास्तच सरकलेली. साठ मैल चालल्यावर एक अंशाच्या चुकीने जहाज साधारण एक मैल बाजूला जाते, हा हिशेब आमच्या तोंडी बसलेला असतो. म्हणजे इथे साठ मैलांत आठ मैल. वेगात एका नॉटपेक्षा कमी फरक पडला, तो फार तर पोचायला उशीर करील. ते आठ मैल मात्र जहाज खडकावर नेऊ शकतात.

मी कॅडेट असतानाची एक रात्र अजून आठवते. पहाटेचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी होती. सेकंड ऑफिसरने मला चार्टवर पुढच्या तासाची जागा काढायला सांगितली. आकडे जवळपास असेच होते. मी प्रवाहाचा बाण २०० कडे न काढता ०२० कडे काढला. माझ्या डोक्यात वारा होता. वाऱ्याला नाव तो जिथून येतो त्या दिशेचे देतात. नैऋत्य वारा म्हणजे नैऋत्येकडून येणारा. प्रवाहाला नाव तो जिकडे जातो त्या दिशेचे. मी प्रवाहाला वाऱ्याचा नियम लावला. बाणाची लांबी बरोबर होती, अगदी डिव्हायडरने मोजून घेतलेली २ मैल. उत्तर आले ०७३.४ अंश आणि १५.१ नॉट. सेकंड ऑफिसर वाकून चार्टकडे बघत राहिले, मग पेन्सिलने प्रवाहाच्या रेषेवर टिचकी मारून एवढेच म्हणाले, ‘हे पाणी कुठून येतं ते विचारलं नव्हतं. कुठे जातं ते सांग.’ माझी जागा आणि खरी जागा यांत एका तासात ४ मैलांचे अंतर पडले असते. चार तासांचा वॉच संपेपर्यंत १६ सागरी मैल, म्हणजे जवळपास ३० किलोमीटर. परिमाणात शून्य चूक करूनसुद्धा.

म्हणून ‘दिशा ५३ अंश’ याला बरोबरची खूण मिळालेली बघून मला राहवले नाही.

खरे तर नातीचे ५३ पूर्ण चूकही नव्हते. फक्त अर्धे होते. तेच उत्तर ‘पश्चिमेपासून उत्तरेकडे ५३ अंश’ असे लिहिले असते, किंवा ‘ऋण क्ष-अक्षापासून धन य-अक्षाकडे ५३ अंश’ असे, तर ते शंभर टक्के बरोबर ठरले असते. कोन हा दोन रेषांमधला असतो. एक रेषा सांगितलीच नाही तर तो आकडा हवेत लटकतो. हे काही किचकट गणित नाही. पत्ता लिहिताना घर क्रमांक लिहिला आणि रस्ता लिहिला नाही, तशातली गत.

कॅल्क्युलेटरलाही दोष देता येत नाही. त्याला आपण ४ भागिले उणे ३ असा एकच आकडा देतो. भागाकार होताना उणे कोणाच्या बाजूला होते ते पुसले जाते. ४ भागिले उणे ३ आणि उणे ४ भागिले ३ त्याला सारखेच. दोन विरुद्ध बाणांचे गुणोत्तर एकच, मग त्याने ओळखायचे कसे? तो नेहमी उणे ९० ते ९० अंशांच्या मधले, म्हणजे क्ष-अक्षाच्या उजव्या बाजूचे उत्तर देतो. बाण डावीकडे असेल तर १८० आपल्याला मिळवावे लागतात. संगणकाच्या भाषांमध्ये याच अडचणीपायी एक वेगळे फंक्शन ठेवलेले असते, त्यात दोन्ही घटक चिन्हांसकट वेगवेगळे द्यायचे. त्यातही बहुतेक भाषांत आधी य आणि मग क्ष द्यावा लागतो, आणि काही स्प्रेडशीटमध्ये आधी क्ष. क्रम उलटला की उत्तर पुन्हा दुसरीकडेच. यंत्र कितीही चांगले असले तरी बाण कोणत्या चरणात आहे ते आधी माणसाला माहीत हवे.

आमच्या जुन्या नाविकांनी यावर जो उपाय शोधला, तो मला आजही सर्वांत सुंदर वाटतो. शिडाची जहाजे वाऱ्याविरुद्ध जाताना नागमोडी चालत. काही तास ईशान्येला, मग काही तास आग्नेयेला, पुन्हा उत्तरेला. दिवसअखेर आपण निघालो तिथून नेमके किती आणि कुठल्या दिशेला आलो, हे त्यांना रोज काढावे लागे. त्याला ट्रॅव्हर्स म्हणतात. ‘व्हेक्टर’, म्हणजे सदिश, हा शब्द आयरिश गणिती हॅमिल्टनने गणितात या अर्थाने आणला तो १८४० च्या दशकात, आणि बलांचा समांतरभुज चौकोन न्यूटनने आपल्या ग्रंथात गतीच्या नियमांमागोमाग मांडला तो १६८७ मध्ये. ट्रॅव्हर्सचा हिशेब दर्यावर्दी त्याच्याही आधीपासून करत होते. त्यांचा तक्ता चार रकान्यांचा असे: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. प्रत्येक टप्प्याचे दोन घटक पाडायचे आणि ज्याच्या त्याच्या रकान्यात टाकायचे. शेवटी उत्तरेतून दक्षिण वजा, पूर्वेतून पश्चिम वजा, आणि जे उरेल त्याच्यापुढे दिशेचे नाव. या तक्त्यात कुठेही उणे चिन्ह नाही. त्यामुळे ते हरवायचा प्रश्नच येत नाही.

नातीचे गणित मी तिला याच तक्त्यात मांडायला लावले. पूर्वेच्या रकान्यात २, पश्चिमेच्या ५. उत्तरेच्या ५, दक्षिणेच्या १. वजाबाकी करून पश्चिम ३, उत्तर ४. ‘अरे, हे तर लिहिलेलंच आहे,’ ती म्हणाली. म्हणजे पश्चिम आणि उत्तर ही दोन नावे समोर दिसत असताना बाण आग्नेयेला किंवा ईशान्येला काढायला हात धजावतच नाही. मग ४ भागिले ३ चा कोन काढला की आपोआप कळते, तो पश्चिमेपासून उत्तरेकडे मोजायचा. सगळ्या रकान्यांची वजाबाकी शून्य आली तर? तर बेरीज शून्य सदिश, आणि त्याला दिशाच नाही. तिथे ‘दिशा ० अंश’ लिहिणे चूक आहे.

आता सूत्राबद्दल. वर्गात समांतरभुज चौकोनाचे सूत्र (जहाजाच्या उदाहरणात वापरले तेच) पाठ करून घेतात आणि त्याच वर्षी त्रिकोणमितीत कोसाइन नियमही पाठ करून घेतात. एकात अधिक, दुसऱ्यात उणे. का, हे मुलांना कोणी सांगत नाही. नातीलाही माहीत नव्हते. उत्तर चित्रात आहे. दोन बाणांची शेपटे एकत्र ठेवली की त्यांच्यामधला कोन जो असतो, तो पहिल्या सूत्रातला. तेच बाण एकाच्या टोकाला दुसऱ्याचे शेपूट लावून जोडले की त्रिकोणाच्या आतला कोन १८० मधून तो वजा करून उरलेला. कोसाइनचे चिन्ह तिथे उलटते, म्हणून सूत्रातले चिन्हही उलटते. दोन्ही नियम एकच आहेत. माझ्या जहाजाच्या उदाहरणात शेपटे जोडून कोन १२०, टोकाला शेपूट लावून ६०. ज्याने दोन्ही चित्रे एकदा हाताने काढली त्याची या जागी कधीच गडबड होत नाही. ज्याने काढली नाहीत तो परीक्षेत ६० घेऊन अधिक चिन्हाच्या सूत्रात घालतो आणि १७२ च्या जागी २२८ चे वर्गमूळ काढून बसतो. योगायोग बघा, १५.१ हे माझ्या त्या रात्रीच्या चुकीचेच उत्तर.

दिशेत केवढी ताकद असते हे मला एका दोराने शिकवले. डेकवर ताणलेला दोर आणखी घट्ट करायचा असेल तर खलाशी तो लांबीच्या दिशेने ओढत बसत नाही. दोराच्या मधोमध धरून तो आडवा ओढतो, आणि दुसरा माणूस मिळालेली ढील झटकन खुंटाला गुंडाळून घेतो. समजा आडव्या ओढीने दोर दोन्ही बाजूंना फक्त ५ अंशांनी वाकला, आणि ओढ २० किलोच्या वजनाएवढी आहे. तर दोराच्या प्रत्येक अर्ध्या भागातला ताण जवळजवळ ११५ किलोचा असतो. म्हणजे ११५ आणि ११५ यांची बेरीज २०. दोन्ही ताण जवळजवळ एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे बहुतेक सगळे एकमेकांत विरून जातात, आणि उरतो तो एवढाच तुकडा. ३ आणि ४ ची बेरीज कोनाप्रमाणे १ ते ७ मधली कोणतीही असू शकते, हे पुस्तकात एका ओळीत असते. दोर हातात धरल्यावर ती ओळ तळहाताला कळते. कपडे वाळत घालायची दोरी कितीही ताणा, मधे थोडी झोळ पडतेच, तेही याचमुळे. ती पूर्ण सरळ राहिली तर तिचे दोन्ही ताण नेमके आडवे होतील, आणि ओल्या कपड्याचे वजन वर उचलून धरणारा घटकच उरणार नाही.

शिक्षकांना आणि पेपर काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘परिमाण आणि दिशा काढा’ असे विचारता, तर दिशेला निम्मे गुण द्या आणि ते कडकपणे तपासा. कोन कशापासून, कशाकडे, हे लिहिले नसेल तर ते गुण कापा. एक वर्ष मुले कुरकुर करतील, दुसऱ्या वर्षी सवय लागेल. कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी आलेख कागदावर बाण काढायला लावा. पट्टी आणि कोनमापकाने काढलेल्या उत्तराला मुले कमी लेखतात, पण ते आकड्यांच्या उत्तराला ताळा म्हणून फार उपयोगी पडते. आकडेमोड ५३ म्हणतेय आणि कागद १२७ म्हणतोय, असे झाले तर कागद खरा. अशा चुका मी पुढे माझ्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांच्या कामातही पाहिल्या. शाळेत कोणी अडवले नसेल, तर त्या चुका ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षात येतात.

नातीच्या शिक्षकांविषयी माझ्या मनात राग नाही. साठ-सत्तर पेपर रात्री बसून तपासणाऱ्याचे डोळे थकतात, हे मला वॉचच्या अनुभवावरून माहीत आहे. ती सोमवारी त्यांना चार रकान्यांचा तो कागद दाखवणार आहे. एक गुण गेला तरी चालेल, असे तिनेच आपणहून सांगितले.

आणि संपादक महोदय, एक मागणे आपल्याकडेही. आपल्या हवामानाच्या चौकटीत ‘वाऱ्याची दिशा : पश्चिम’ असे छापून येते. वाचणाऱ्या पोराला वाटते, वारा पश्चिमेकडे चालला आहे. हवामानशास्त्रात त्याचा अर्थ पश्चिमेकडून येणारा. तेव्हा तिथे ‘पश्चिमेकडून’ असे छापावे. तीनच अक्षरे वाढतील.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त नॅव्हिगेटिंग ऑफिसर, मर्चंट नेव्ही